आमचा मुलगा कॉम्प्युटरचं करतो

सांगलीत घरबसल्या वेबसाइट करून देण्याचा धंदा काढायचा असेल, तर एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. गिऱ्हाईक वेबसाइट बघून येत नाही. ते मामाच्या ओळखीनं येतं, मेहुण्याच्या शब्दावर येतं, आणि "आपल्यातलाच आहेस म्हणून आलो" एवढ्या एका वाक्यात निम्मी किंमत कापून खुर्चीवर बसतं. आजकाल सगळं जग नेटवर शोधतं, हे मी गावभर सांगत फिरतो. मला मात्र अजून कुणी नेटवर शोधलेलं नाही.

सापडावं म्हणून खर्चही केला. 'वेबसाइट डिझाइन सांगली' या शब्दांवर गुगलला पैसे भरून जाहिरात दिली. त्यात कुणी क्लिक केलं की आपले पैसे कापले जातात, मग तो माणूस काम देवो न देवो. क्लिक भरपूर आले. फोनही आले. निम्म्यांना कोर्सची फी किती ते हवं होतं, उरलेल्यांना इंटर्नशिप. काही क्लिक गावातल्या इतर वेबसाइटवाल्यांचे असणार, याबद्दल मला शंका नाही. त्यांच्या जाहिरातींवर मीही जाऊन येतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस फुकट असतं. ते आत्या बघते, आत्याची सून बघते आणि कर्जवसुलीवाला बघतो.

मग आईनं सूत्रं हाती घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, मला न विचारता तिनं प्रत्येक वाटीत तिळगुळाशेजारी माझं कार्ड ठेवलं आणि वर तोंडी खुलासा केला, "आमचा मुलगा कॉम्प्युटरचं करतो." जाहिरात जबरदस्त चालली, हे मान्य करायलाच हवं. रथसप्तमी उलटायच्या आत घरी एक प्रिंटर, मांजरानं वायर कुरतडलेला एक माउस आणि शेजारच्या काकूंचा जागा संपलेला मोबाइल दाखल झाला. मोबाइलमध्ये गेल्या कित्येक वर्षांच्या सुप्रभाती होत्या. त्या मी पुसल्या, फोन वाऱ्यासारखा पळू लागला, आणि काकू आजही आईला विचारतात, "त्यानं तेवढा गुरुवारचा दत्त का घालवला गं?"

मित्रानं सल्ला दिला की धंदा बायकांच्या हळदीकुंकवात मिळत नसतो, व्यावसायिकांत ऊठबस पाहिजे. म्हणून अशांच्या एका सकाळी सातच्या मीटिंगला गेलो. तिथं एकेकानं उभं राहून मिनिटभरात स्वतःचा धंदा सांगायचा असतो. माझ्या आधी विमा, माझ्या नंतर विमा, समोर इडली. मी वेबसाइट विकायला गेलो होतो, परत येताना आरोग्यविमा घेऊन आलो. पॉलिसी चांगली आहे, तक्रार नाही.

मार्च २०२४ मध्ये मात्र नशीब उघडल्यासारखं वाटलं. दुकान नकाशावर नोंदवलं की गुगल एक पानाची फुकट वेबसाइट बनवू द्यायचं, त्या सगळ्या त्यानं बंद केल्या. फुकटाशी स्पर्धा संपली! मी आसपासच्या दुकानांची यादी काढली आणि पहिला फोन टायरवाल्या काकांना लावला.

"काका, तुमची वेबसाइट बंद पडली."

"माझी होती?"

भाच्यानं कधीतरी करून दिली होती, असं चौकशीअंती निघालं.

"कधीपासनं बंद हाय म्हणालास?"

"झाला की महिना."

"मग माझं काय अडलं का?"

याला उत्तर नव्हतं. यादीतले बाकीचे फोन मी केले नाहीत.

मार्केट यार्डातल्या हळदवाल्या शेटजींकडे जाताना मी अभ्यास करून गेलो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि २०१४ पासून वेबसाइटचा पत्तासुद्धा देवनागरीत घेता येतो, शेवटी 'डॉट भारत' लावून. मानांकनाची हळद, मायबोलीतला पत्ता! मी उभा राहून बोललो. शेटजींनी पोत्यातलं हळकुंड मोडून बघितलं आणि म्हणाले, "माझा माल जातो गुजरातेत. तो मराठीत टाइप करणार?"

"मग इंग्रजीत घेऊ."

"तो इंग्रजीतबी नाही करत. तो फोन करतो."

शेवटी काम मिळालं ते मामाच्याच ओळखीनं, एका भडंगवाल्या मालकांचं. इथंच तोंडी जाहिरातीचा खरा काच कळतो: तुमच्या नावाबरोबर तुमचा भावही पुढं जातो, आणि वाटेत घटत जातो. "मसाल्यावाल्याला पाच हजारांत केलीस म्हणं" असं म्हणत मालक बसले. प्रत्यक्षात मसाल्यावाल्याचे आठ ठरले होते, त्यातले तीन यायचेत. पुढं त्यांनी गंभीरपणे विचारलं, "जीएसटी लावणार का?" सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की ती नोंदणी करावी लागते. माझ्याकडे बघून हा प्रश्न पडला, यानंच मी सुखावलो आणि पाच हजारांना हो म्हणालो.

वेबसाइट बरी झाली. मालक खूश झाले, इतके की पैसे द्यायच्या आधी त्यांनी माझी जाहिरात करायचं ठरवलं. भडंगाच्या नव्या पाकिटांवर मागच्या बाजूला, 'ओलाव्यापासून दूर ठेवा'च्या खाली छापलं, 'वेबसाइट करून मिळेल', आणि माझा मोबाइल नंबर. पाकिटावर तेवढा एकच नंबर आहे. मालकांचा छापायचा राहिला.

आता फोन थांबत नाहीत. मिरजेहून येतात, इस्लामपूरहून येतात, एक पुण्याहून आला. कुणाला लसूण जादा हवा असतो, कुणाला तिखट कमी, परवा एका बाईंनी बारशासाठी पाच किलो सांगितला आणि कुरिअरचं विचारलं. मी वहीत लिहून घेतो आणि संध्याकाळी मालकांना कळवतो. काल ते म्हणाले, किलोमागं काहीतरी कमिशन ठरवून टाकू. विचार चालू आहे. वेबसाइटचे पैसे अजून यायचेत, पण भडंगाचा हिशेब ते रोजच्या रोज रोख करतात.