मॅगेलनच्या हाती सामुद्रधुनीचा तयार नकाशा नव्हता

दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळची, अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांना जोडणारी सामुद्रधुनी पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनने शोधलीच नाही, ती जुन्या नकाशांवर आधीच होती, त्याने तिला फक्त स्वतःचे नाव दिले आणि त्या काळच्या नकाशांवर अंटार्क्टिकाही दिसते, असा दावा सध्या सर्वत्र फिरत आहे.

यातील पहिल्या विधानाला जुना आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. पोर्तुगालच्या राजाच्या कोषागारातील, जर्मन नकाशाकार मार्टिन बेहाइमच्या नकाशावर मॅगेलनने ही वाट पाहिली होती, असे मॅगेलनच्या सफरीतून परतलेल्या पिगाफेट्टा या इटालियन वृत्तांतकाराने लिहून ठेवले आहे. मात्र तो नकाशा आज उपलब्ध नाही आणि बेहाइमच्या १४९२ च्या पृथ्वीगोलावर तर अमेरिकेचाच पत्ता नाही. जर्मन भूगोलतज्ज्ञ योहानेस शोनरच्या १५१५ च्या पृथ्वीगोलावर तेथे जलमार्ग आहे खरा, पण तो सुमारे ४५ अंश दक्षिण अक्षांशावर काढलेला आहे. खरी सामुद्रधुनी ५२ ते ५४ अंशांच्या दरम्यान आहे.

त्याहून बोलका पुरावा खुद्द सफरीचा आहे. जानेवारी १५२० मध्ये मॅगेलनने ला प्लाता नदीचे विस्तीर्ण मुख हीच वाट असावी म्हणून धुंडाळले, पुढे किनाऱ्यावरची आखाते तपासली, त्याच किनाऱ्यावरच्या सान हुलियान बंदरात हिवाळा काढला आणि २१ ऑक्टोबरला तो सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोहोचला. वाट सापडली नसती तर ७५ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत जाण्याचा त्याचा निर्धार होता, असेही पिगाफेट्टाच सांगतो. वाट असणार हा विश्वास त्याच्यापाशी होता. ती नेमकी कोठे आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

नावाचा आरोप तर टिकतच नाही. मॅगेलनने तिला सर्व संतांचे नाव दिले होते आणि एप्रिल १५२१ मध्ये फिलिपिन्समधील माक्तान बेटावर तो मारला गेला.  पिगाफेट्टाच्या नकाशातही सामुद्रधुनीला पातागोनियाचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडील प्रदेशाचे, नाव आहे, मॅगेलनचे नाही. त्याचे नाव नंतर इतरांनी रूढ केले.

राहिला अंटार्क्टिकाचा मुद्दा. फ्लेमिश नकाशाकार ऑर्टेलियसच्या १५७० च्या नकाशात सामुद्रधुनीच्या दक्षिणेचा तिएरा देल फुएगो हा प्रदेश एका अवाढव्य दक्षिण खंडाला जोडलेला आहे, पण ते खंड कोणी पाहिलेले नव्हते, कल्पनेने भरलेले होते. १६१६ मध्ये ल मेर आणि स्खाउटन हे डच दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून गेले, तेव्हा तिएरा देल फुएगोच्या दक्षिणेला मोकळा समुद्र असल्याचे सिद्ध झाले आणि नकाशाकारांना तो प्रदेश त्या खंडापासून तोडावा लागला.