काटेरी झुडपं म्हणे!

सकाळी गावच्या ग्रुपवर फोटो आला. जेसीबी, बांधावर आडव्या पाडलेल्या बाभळी, आणि खाली ओळ : 'काटेरी झुडपं साफ, बांध चकाचक!' त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही.

झुडूप कोणाला म्हणता रे? कवेत मावत नव्हतं ते खोड.

आमच्या आबांनी बैलगाडीच्या चाकांसाठी अशीच एक बाभळ काढली होती. तोडली की लगेच सुताराकडे नेली नाही. किडा लागू नये म्हणून ओंडके कितीतरी दिवस ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवले. मग चाकाचा मधला तुंबा, त्यातले आरे, कडेचे पाटे सगळं त्याच लाकडाचं. शेवटी तापून लाल झालेली लोखंडी धाव चाकावर ठोकून बसवली, वरून घागरी ओतल्या. वाफेचा हा लोट! लोखंड आकसलं तसे सांधे करकरत आवळत गेले. आबा गेले तरी ती चाकं फिरत होती.

आणि बांधावर आता लावणार काय, तर गुलमोहर. मादागास्करचा पाहुणा! त्याचं एक चाक करून दाखवा.

त्यात अर्ध्या लोकांना वेडी बाभूळ आणि आपली बाभळ यातला फरक कळत नाही. वेडी मेक्सिकोकडून आलेली; तिचं फूल लांबट, लोंबतं. आपलीचं फूल म्हणजे पिवळाधमक गोल गोंडा, आणि शेंग मण्यांची माळ ओवल्यासारखी, प्रत्येक बीपाशी आवळलेली. आपली मुळांतल्या गाठींतून जमिनीला नत्र देते. काळ्या रानात पाणी साचलं तरी तगते, उन्हाळ्यात भेगा पडल्या तरी तगते. 72 च्या दुष्काळात शेळ्या या शेंगांवरच जगल्या, असं आई अजून सांगते. त्या चाकांच्या वेळीसुद्धा काही वाया गेलं नव्हतं. साल कातडं कमावणाऱ्यांनी नेली, ढलप्या चुलीत गेल्या, काट्यांचं कुंपण झालं. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक विसरलात, आणि सुगरणीचे खोपेही.

ट्रॅक्टरच्या टायरात काटा जातो, मान्य. सावलीतलं सोयाबीन मार खातं, तेही मान्य. मग बाभळीतलीच रामकाठी ठेवा ना! खराट्यासारखी सरळ वर जाते, सावली नावाला. आबांनी बांधावरच्या रामकाठीला कधी कुऱ्हाड लावू दिली नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडात हीच बाभळ माजून तण झालीय, हेही माहीत आहे. पण तिथं ती उपरी, इथं घरची.

फोटो टाकणारा माझाच चुलतभाऊ. पोरगं वाईट नाही. बैल विकले, गाडी मोडीत काढली, मग चाकाचं लाकूड सांभाळायचं कोणासाठी, असं त्याने विचारलं तर माझ्याकडेही धड उत्तर नाही. तरी ते ओंडके आता वीटभट्टीत जाणार, हे काही गळ्याखाली उतरत नाही.

असो. ज्यांच्या बांधावर रामकाठी अजून उभी आहे, त्यांनी शेंगा झोडपल्या की थोडं बी माझ्यासाठी ठेवा. शेळ्यांच्या लेंड्यांतून वेचलेलं मिळालं तर फारच बरं, ते लवकर उगवतं. मे महिन्यात गावाकडे येतोय, घेऊन जाईन. आणि भाऊ, तू हे वाचत असशील तर पहिले चार खड्डे तुझ्याच बांधावर.