‘कविता समजण्याची पाच सूत्रं’: दुसरं सूत्र आधी पुसा

‘कविता समजण्याची पाच सूत्रं’ या नावाचा मेसेज गेले काही महिने फिरतोय. आता तो माझ्या भाचीच्या वहीत पोचला. रसग्रहणाच्या तयारीसाठी तिने तो जसाच्या तसा उतरवून घेतलाय, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेज म्हणतो: एक, आधी कवीचं आयुष्य वाचा, कविता आपोआप उलगडते. दोन, कवितेतली प्रत्येक वस्तू प्रतीक असते. सोबत तक्ता, हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे पावित्र्य, काळा म्हणजे मृत्यू, वाट म्हणजे आयुष्य. तीन, मात्रा मोजल्या की रस मरतो. चार, कुठलाही अर्थ चुकीचा नसतो. पाच, कविता एकदाच वाचावी, पहिल्यांदा मनात उमटतं तेच खरं.

आणि नमुना म्हणून बालकवींची ‘औदुंबर’ घेतली आहे. ‘आयुष्याची पवित्र वाट आशेतून मृत्यूकडे जाते’ एवढ्या एका वाक्यात ती निकालात काढली आहे. ठीक, मग तीच कविता घेऊ. आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

पाचव्या सूत्रावर फार वेळ घालवायची गरज नाही. ही कविता एकदाच वाचली तर शेवटच्या शब्दापर्यंत झाड दिसतच नाही. ते कळल्यावर पुन्हा वर जावंच लागतं. निदान दोनदा मोठ्याने वाचा, मग पेन्सिल हातात घ्या.

पहिल्या सूत्रात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. कवी कुठल्या काळातला हे ठाऊक असलं की ‘पडे’, ‘पसरी’ ही क्रियापदांची रूपं अडत नाहीत. पण मेसेज तिथे थांबत नाही. बालकवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले, म्हणून ‘काळा डोह’ ही मृत्यूची चाहूल, असं तो ठणकावून सांगतो. नंतर घडलेली घटना आधी लिहिलेल्या ओळीचा पुरावा कशी होईल? अपघात वगळून ती ओळ काय म्हणते, हे आधी सांगता आलं पाहिजे.

इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये नेमकं हेच करून पाहिलं. कवींची नावं काढून टाकून कविता विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांची लेखी मतं गोळा केली आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात ती तपासून मांडली. कविता वाचताना येणाऱ्या दहा अडचणी त्यांनी नोंदवल्या. त्यांतली पहिली अडचण प्रतीकांची नाही, चरित्राचीही नाही. ओळीचा साधा, सरळ अर्थच वाचकाला लागत नाही, ही ती अडचण. त्याच यादीत पुढे ठरीव प्रतिसाद येतो: कवितेने काही म्हणायच्या आत वाचकाच्या मनात तयार असलेलं उत्तर बाहेर पडतं. वाचकाच्या खासगी आठवणी मध्ये घुसणं हीसुद्धा त्यांनी अडचण म्हणूनच नोंदवली आहे. म्हणजे पाचवं सूत्र जिला गुण म्हणतं, ती चूक म्हणून नोंदली गेली त्याला शंभर वर्षं होत आली.

आता दुसरं सूत्र. सगळ्यात जास्त नुकसान हेच करतं, कारण तक्ता हातात आला की मूल कविता बघणंच सोडून देतं. तो तक्ता ‘गोड काळिमा’ या दोन शब्दांना लावून बघा. काळा म्हणजे मृत्यू, तर मग ‘गोड’चं काय करायचं? मेसेजने ते विशेषण सरळ गाळलं आहे. कवीने मुद्दाम ठेवलेला शब्द ज्या पद्धतीत बसत नाही, ती पद्धतच चुकीची.

तक्ता बाजूला ठेवा आणि क्रियापदांखाली रेघ मारा. झरा ‘वाहतो’. पायवाट ‘चालली’. औदुंबर ‘बसला’. गाव आहे, घरं आहेत, शेतं आहेत, पण अख्ख्या कवितेत माणूस एकही नाही. चालणं वाटेला दिलंय आणि पाय पाण्यात सोडून बसणं झाडाला. कविता वाहण्याने सुरू होते आणि बसण्याशी येऊन थांबते. मग रंगांची नोंद करा: हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. काळा रंग शेवटच्या तीन ओळींतच येतो आणि त्याचं कारण कवितेतच आहे. पाणी ‘झाकळलं’ आहे. झाड पाण्यावर आलंय, त्याची सावली लाटांवर पडली आहे. हे एवढं वहीत उतरल्यानंतर कुणाला त्या डोहात उदासी दिसली, किंवा बसलेल्या औदुंबरात एखादा विरक्त माणूस दिसला, तर माझी हरकत नाही. कवितेत प्रतीकं असतातच. पण ‘बसला’ आणि ‘गोड’ या शब्दांच्या आधाराने तिथे पोचायचं असतं.

तिसरं सूत्र ऐकून तर संताप येतो. मात्रा मोजणं अवघड नाही. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची आणि अनुस्वार असलेल्याची दोन. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर त्या मागच्या अक्षराच्याही दोन. मुलं चुकतात ती इथे. ‘गर्दी’मधल्या ‘ग’वर आघात येतो, म्हणून दोन, ‘हिरव्या’मधल्या ‘र’वर येत नाही, म्हणून एकच. जोडाक्षर दिसलं की डोळे मिटून दोन धरलं, तर सहावी ओळ उगाच २८ मात्रांची होते. ओळ लघू, म्हणजे एका मात्रेच्या, अक्षरावर संपली तर ते शेवटचं अक्षर गुरू, म्हणजे दोन मात्रांचं, धरायचं. असं मोजलं की आठही ओळी ८ + ८ + ११ अशा २७ मात्रांच्या भरतात. ‘मधुनि’ऐवजी ‘मधुनी’ लिहिलं तर एक मात्रा लगेच वाढते, म्हणजे उतरवताना झालेली चूकही मोजणीत सापडते.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक ओळीत पहिल्या आठ मात्रांनंतर एक उभी रेघ मारा. ऐल तटावर | पैल तटावर. निळासांवळा | झरा वाहतो. चार घरांचे | गाव चिमुकले. रेघ शब्दाच्या शेवटी नीट पडते. पाचव्या ओळीत ती पडते ‘पायवाट पां | ढरी’ अशी. सहाव्यात ‘हिरव्या कुरणां | मधुनि’. शब्द मधोमध तुटतो. आणि नेमक्या या दोनच ओळी त्या अडव्यातिडव्या पायवाटेच्या आहेत! सातव्या-आठव्या ओळीत रेघ पुन्हा शब्दाच्या शेवटी येते: झाकळुनी जळ | गोड काळिमा. पाय टाकुनी | जळात बसला. वाट वाकडी चालते तेव्हा लय अडखळते आणि झाड बसल्यावर लय स्थिर होते. कवीने हे ठरवून केलं की नाही, ते शोधायची गरज नाही; मोठ्याने वाचताना कानाला ते जाणवतं. मात्रा न मोजता हे कुणी दाखवून द्यावं.

हो, वृत्ताचं नाव आणि अलंकारांची यादी लिहून ‘रसग्रहण’ असा मथळा देणारी उत्तरं असतात आणि ती निर्जीव असतात, एवढं या सूत्राचं मान्य. तो दोष मोजण्याचा नाही, मोजून तिथेच थांबण्याचा आहे.

चौथं सूत्र अर्धं खरं आहे. सातव्या ओळीचा अन्वय लावा. ‘पसरी’चा कर्ता कोण? गोड काळिमा स्वतः लाटांवर पसरतो, असंही वाचता येतं. पुढच्या ओळीतला औदुंबर तो काळिमा पसरवतो, असंही. व्याकरण दोन्ही वाचनं चालवून घेतं, आणि दुसऱ्यात झाड जास्त कर्तं होतं. पण याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. झरा काळिमा पसरवतो असं कुणी लिहिलं, तर ते चूकच आहे: झरा दुसऱ्या ओळीत आपलं वाक्य संपवून गेलाय. उत्तरात दोन अर्थ लिहायचे असतील तर प्रत्येकासमोर तो ज्या शब्दावर उभा आहे तो शब्द लिहा. शब्द सापडला नाही तर तो अर्थ खोडा.

ज्यांच्याकडे हा मेसेज आहे त्यांनी पुढे पाठवण्याआधी निदान तो तक्ता तरी काढून टाकावा.