खालच्या फळीकडे वाकू नका

बिअर घ्यायला फ्रीजसमोर उभं राहिलात की एक पथ्य पाळायचं, वाकायचं नाही. स्वस्तातली बिअर बहुतेक वेळा खालच्या फळीवर असते, गुडघ्याच्या उंचीला, आणि तुमच्या डोळ्यांच्या बरोब्बर समोर जी मांडून ठेवलेली असते ती कंपनीला तुम्हाला विकायची असते, आता एवढ्या मोठमोठ्या लोकांनी तुमच्या पाठीच्या मणक्यांचा इतका विचार केलाय तर आपणही थोडा मान ठेवायला नको का?

माझा एक मित्र आहे, तो वाकतो. नुसता वाकत नाही तर फ्रीजचं दार उघडं धरून एका हाताने मोबाइलवर कॅलक्युलेटर काढतो आणि किमतीला मिलीलीटरने भागतो, मग त्यातल्या अल्कोहोलच्या टक्क्याने परत भागतो, तोवर काचेवर वाफ धरलेली असते, मागची माणसं खाकरायला लागलेली असतात आणि मी अनोळखी असल्यासारखा चिप्सची पाकिटं बघत असतो. असा मित्र तुम्हालाही असेल तर त्याला घरी ठेवून जा. भागाकार आला की विषय संपला राव, मग कॅनवरचा डोंगर, झरा, सोनेरी अक्षरं हे सगळं कुणासाठी छापलंय?

आता तुम्ही म्हणाल की आम्हाला परवडत नाही म्हणून आम्ही स्वस्त घेतो. हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. तुम्ही स्वस्त घेता कारण स्वस्त आणि महाग यांच्यात फरक दिसतो. तो फरकच दिसेनासा झाला तर? कंपन्यांनी हा विचार तुमच्या आधी केलाय. अमेरिकेत नॅचरल लाइट, बुश, कीस्टोन या असल्या बिअरना धंद्यातले लोक स्वस्त म्हणत नाहीत, 'सब-प्रीमियम' म्हणतात, आणि प्रीमियम म्हणजे काय तर बडवायझरसारखी नेहमीची, सगळीकडे मिळणारी बिअर. म्हणजे साध्याला प्रीमियम म्हणायचं आणि स्वस्ताला प्रीमियमच्या खालची म्हणायचं, स्वस्त हा शब्द तोंडात येऊच द्यायचा नाही. शब्दांची एवढी काळजी तर आमच्या मराठीच्या बाईंनीपण घेतली नव्हती.

तर 2008 ची मंदी आली, नोकऱ्या गेल्या, लोक मुकाट्याने एक पायरी खाली उतरले आणि सब-प्रीमियम प्यायला लागले. पुढे खिसे जरा सावरले तरी बरेचजण खालीच बसून राहिले, कारण त्यांच्या लक्षात आलं की खाली काही एवढं वाईट नाहीये. आता माणसाला वरच्या मजल्यावर न्यायचं असेल तर दोन मार्ग असतात, एक तर जिना सोपा करायचा, नाहीतर खालच्या मजल्यावर पाणी सोडायचं. कंपन्यांनी दुसरा निवडला. वरच्या बिअरचा भाव कमी केला नाही, खालच्या बिअरचा भाव वर ढकलला. समजा खालची दहाला होती आणि वरची पंधराला, तर मधल्या पाचात तुम्ही दोनदा विचार करणार. खालची तेराला केली आणि वरची सोळाला, की तुम्हीच स्वतःला म्हणणार, जाऊ दे ना, तीनचाच तर प्रश्न आहे, चांगली घेऊ. बघा, वरची बिअर महाग झाली तरी ती तुम्हाला स्वस्त वाटायला लागली, आणि निर्णय कुणी घेतला तर तुम्ही, स्वतःच्या मर्जीने!

यात काही लोक खालची बिअर सोडून कायमचे निघून गेले, म्हणजे कंपनीचा त्या गटातला हिस्सा घसरला. बडवायझर बनवणाऱ्या एबी इनबेव्ह कंपनीने आपल्या अहवालांत हे सरळ सांगितलंय की हिस्सा गेला तो जास्त करून सब-प्रीमियममध्ये गेला आणि भावातली दरी कमी करायच्या धोरणाचाच तो भाग होता. तुम्ही गेलात याचं त्यांना दुःख नाही, त्यात हिशोब आहे. तेव्हा रागावून निघून जाणार असाल तर तेही खुशाल जा, तुमच्या जाण्याचीसुद्धा सोय करून ठेवलेली आहे.

इथे एखादा अर्थशास्त्राचा पेपर दिलेला वाचक हात वर करेल की अहो पण दुसरी कंपनी भाव पाडेल ना, स्पर्धा असते ना. असते, असते. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने एबी इनबेव्हवर दावा लावला, त्यात ही स्पर्धा कशी चालते याचं फार सुंदर वर्णन आहे. एबी इनबेव्हकडे तेव्हा अमेरिकेतल्या विक्रीचे साधारण 39 टक्के, मिलरकूर्सकडे 26, आणि दाव्यात म्हटलंय की दरवर्षी उन्हाळा संपत आला की पहिली कंपनी भाववाढ जाहीर करायची या अपेक्षेने की दुसरी मागोमाग येईल, आणि ती बऱ्याचदा यायची. यासाठी कंपनीकडे 'कंडक्ट प्लॅन' नावाचा कागद होता, म्हणजे वर्तणुकीची योजना हो, शाळेत प्रगतिपुस्तकावर असायचा तो रकाना. भाववाढ अशी सोपी आणि उघड करायची की समोरच्याला बघताक्षणी कळावं आणि त्याने पाठोपाठ तेच करावं. याला लबाडी म्हणू नका, याला शेजारधर्म म्हणतात.

वर्गात एकच कार्टं बिघडलेलं होतं, कोरोना बनवणारी मोडेलो. हिस्सा फक्त 7 टक्के, पण ती भाव वाढवायलाच तयार नव्हती. मग झालं काय की बडवायझर वर वर सरकत कोरोनाच्या जवळ पोचली आणि लोक म्हणाले, एवढेच पैसे जास्त द्यायचे तर इम्पोर्टेडच पिऊ ना! जिना यांनीच बांधला, लोक चढलेही, फक्त थांबायच्या मजल्यावर थांबले नाहीत. यावर शहाण्या माणसाने काय करावं? एबी इनबेव्हकडे मोडेलोचा निम्मा हिस्सा आधीच होता, उरलेला 20 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरलं. भांडखोर शेजारी असेल तर त्याचं घरच घ्या, हा माझाही सल्ला आहे. न्याय खात्याला मात्र हे रुचलं नाही, वरचा 2013 चा दावा तो हाच, आणि तडजोडीत मोडेलोचा अमेरिकेतला धंदा कॉन्स्टेलेशन नावाच्या वेगळ्याच कंपनीला द्यावा लागला. 2023 मध्ये त्यांची मोडेलो एस्पेशियल अमेरिकेत सगळ्यात जास्त पैशांची विकली जाणारी बिअर झाली, एबी इनबेव्हच्याच बड लाइटला मागे टाकून. त्यामागे इतरही भानगडी होत्या, त्यात आपण नको पडायला.

काही अतिशहाणे म्हणतात की आम्ही ब्रँडच्या नादाला लागतच नाही, आम्ही सुपरमार्केटची स्वतःच्या लेबलची बिअर घेतो. छान. नेदरलँड्समध्येही लोक असंच करायचे. 2007 साली युरोपियन कमिशनने हेनेकेन, ग्रोल्श आणि बव्हारिया या तिथल्या बिअर कंपन्यांना मिळून 27 कोटी युरोंच्या वर दंड केला, का तर 1996 ते 1999 मध्ये या मंडळींनी हॉटेलांत, रेस्टॉरंटांत गुपचूप भेटून भाव ठरवले होते, आणि नुसत्या मोठ्या ब्रँडचे नाहीत तर सुपरमार्केटच्या लेबलवाल्या स्वस्त बिअरचेसुद्धा. चौथी कंपनी इनबेव्ह, म्हणजे एबी इनबेव्हचाच आधीचा अवतार, ती पण बैठकीला असायची, पण तिने जाऊन सगळं सांगून टाकलं म्हणून तिला दंड माफ झाला. म्हणजे तुम्ही ज्या बिनचेहऱ्याच्या डब्याला आपला गनिमी कावा समजत होता त्याचाही विचार वरच्या टेबलावर झालेला होता. किती बारकाईने बघतात ही माणसं, आणि आपण म्हणतो आपली कुणाला पर्वा नाही.

आणि बॉर्डर ओलांडून तर अजिबात जाऊ नका. जुपिलर नावाची बेल्जियमची लाडकी बिअर आहे, तीच नेदरलँड्समध्ये स्वस्त मिळायची, कारण तिथे स्पर्धा जास्त. मग दुकानदारांना साहजिकच वाटणार की तिकडून आणावी. एबी इनबेव्हने काय केलं, नेदरलँड्सच्या काही डब्यांवरचा फ्रेंच मजकूरच काढून टाकला, डब्याचा आकार आणि डिझाइनही बदललं, म्हणजे फ्रेंचही चालणाऱ्या बेल्जियममध्ये विकायला अडचण. 2019 मध्ये याबद्दल 20 कोटी युरोंचा दंड झाला. मला यात भाषाप्रेम दिसतं. ज्याला फ्रेंचमध्ये बिअर वाचायचीय त्याने फ्रेंच भावाने प्यावी, यात चुकलं काय?

बरं, आता मुख्य सल्ला. तीन बाटल्या समोर असल्या की मधली उचला, डोळे मिटून. हे मी मनाने सांगत नाहीये, जोएल ह्युबर आणि क्रिस्टोफर पुटो या दोघा संशोधकांनी 1980 च्या दशकात विद्यार्थ्यांना बिअर निवडायला लावून बघितलंय. एक 1.80 डॉलरची आणि एक 2.60 ची अशा दोनच असल्या तर तिघांपैकी दोघांनी महागातली निवडली. मग तिसरी आणली, 1.60 ची, सगळ्यात हलकी, ती कुण्णीच घेतली नाही, पण तिच्यामुळे 1.80 वाली एकदम सभ्य दिसायला लागली आणि तिला घेणारे 33 टक्क्यांवरून 47 वर गेले. ती 1.60 वाली काढून वरच्या बाजूला 3.40 ची ठेवली तर स्वस्तवालीला कुणी हातच लावला नाही, दहातले नऊजण 2.60 वर गेले आणि उरलेला एक थेट 3.40 वर. लग्नाच्या फोटोत एखादा चुलतभाऊ उभा करतात ना बाजूला, नवरदेव उंच दिसावा म्हणून, तसं आहे हे. काही बिअर विकायला ठेवलेल्याच नसतात, बाजूला उभं राहायला ठेवलेल्या असतात. आणि तुमचं डोकं त्यांच्याकडे बघून आपलं आपण हिशोब करतं, तुम्ही फक्त हात पुढे करायचा.

महागाचं समाधान वेगळंच असतं म्हणा. स्टेला आर्टोआ ही बेल्जियममध्ये साधी रोजची बिअर, ब्रिटनमध्ये हीच बिअर वर्षानुवर्षं 'रीअशुअरिंगली एक्स्पेन्सिव्ह' या घोषणेवर विकली गेली, म्हणजे किंमत जास्त आहे ना, मग निश्चिंत राहा. लोक राहिले निश्चिंत. मीपण राहायचो, एक दिवस माती खाल्ली तोपर्यंत.

त्याचं असं झालं की त्याच कॅलक्युलेटरवाल्या मित्राने घरी बोलवलं आणि चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवल्या, वर स्केचपेनने 1, 2, 3, 4. मी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला, आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं की 3 नंबरला बॉडी आहे, 1 नंबर मात्र पाणचट, ही नक्की खालच्या फळीवरची. त्याने कागद सोडले. 3 नंबर खालच्या फळीवरची. 1 नंबर मी गेली सहा वर्षं न चुकता घेतोय ती. मित्र काही बोलला नाही, फक्त कागदाच्या घड्या घालत बसला, हसला असता तर बरं झालं असतं. नंतर कळलं की 1964 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिसन आणि उल या संशोधकांनी हेच तीनशेच्या वर बिअरवाल्यांवर करून बघितलं होतं, लेबल काढलेल्या बाटल्या घरी दिल्या तर लोकांना फरकच सांगता येईना, लेबल लावून त्याच बिअर दिल्यावर सगळ्यांचे मार्क वाढले आणि ज्याला त्याला आपलीच सगळ्यात भारी लागली. म्हणजे मी एकटा गाढव नाही, एवढा दिलासा मिळाला. तर माझं ऐका, कागद गुंडाळण्याच्या फंदात पडू नका. बाटलीतला 90 टक्क्यांच्या वर भाग पाणीच असतं, तुम्ही पैसे देता ते लेबलला, मग लेबल झाकून प्यायचं म्हणजे पैसे देऊन अर्धीच बिअर पिण्यासारखं झालं.

परवा परत दोघं फ्रीजसमोर होतो. मी ताठ उभा, नजर समोर, हात मधल्या फळीकडे. बघतो तर खालच्या फळीवर त्याच ब्रँडचे छोटे कॅन आलेले, किंमतही कमी, वर लाल अक्षरात नवीन साइझ. मी म्हणालो घे रे, ही तरी स्वस्त आहे. तो वाकला. मोबाइल काढला, भागलं, मग परत भागलं, मग अख्ख्या फ्रीजचं भागून बघितलं आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मिलीलीटरमागे अख्ख्या फ्रीजमध्ये सगळ्यात महाग तीच निघाली.

मागचा माणूस खाकरला. मी दार धरून उभा राहिलो, गार हवा छान येत होती.