खुलासा: तुरटीने टाकी निर्जंतुक होत नाही

मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरतंय की टाकीत तुरटी फिरवली की झालं, मंडळाने ब्लिचिंग पावडर टाकू नये, तिने पोट बिघडतं. हे बरोबर नाही.

तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. जंतू मारतो तो ब्लिचिंग पावडरीतला क्लोरीन. गढूळ पाण्यात तो वाया जातो, म्हणून आधी तुरटी आणि पाणी निवळल्यावर पावडर, हा क्रम ठीक. पावडरीचं प्रमाण हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे दहा हजाराच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी गंजते) लगदा करा, पाणी घाला, दहा मिनिटं ठेवा. वरची निवळी टाकीत ओता, तळाचा चुना फेका. तक्रारी बहुतेक इथूनच येतात: चुन्यासकट ओतलं, नाहीतर अंदाजपंचे मूठभर जास्त टाकलं. तासाभराने शेवटच्या घरच्या नळाचं पाणी ओटी टेस्टने (पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून दाखवणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी) तपासा. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला. रंग नाही आला तर आधी पावडरीचं पोतं बघा. उघडं, उन्हात पडलेलं असेल तर पावडरीत दम उरत नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.