दरपत्रकातला सिंह

आफ्रिकेत शिकारीला जायचे तर सगळ्यात आधी दरपत्रक मागवा. रायफल, बूट, व्हिसा, धाडस या गोष्टी नंतर जमवता येतात. नामिबियातला किंवा दक्षिण आफ्रिकेतला आउटफिटर, म्हणजे शिकारीच्या सहली भरवणारा, ते लगेच पाठवतो. डावीकडे प्राणी, उजवीकडे भाव. स्प्रिंगबॉक हे छोटे हरीण साधारण चार-पाचशे डॉलर, कुडू हे पिळाच्या शिंगांचे मोठे हरीण अडीच हजारांच्या आसपास, केप बफेलो म्हणजे आफ्रिकी रानरेडा दहा हजारांच्या पुढे, आणि पुढे म्हणजे किती पुढे ते शिंगांच्या रुंदीवर. जिथे आकड्याऐवजी ‘चौकशी करावी’ असे लिहिलेले असते तिथे सिंह आणि बिबटे राहतात. ही झाली नुसती ट्रॉफी फी. मुक्कामाचा रोजचा दर वेगळा, बायको नुसती बघायला आली तर तिचा वेगळा, कातडी खारवून खोक्यात भरून पाठवण्याचा खर्च आणखी वेगळा. तळाशी एक ओळ असते, ती मात्र नीट वाचा: जखमी प्राणी सापडला नाही तरी पूर्ण पैसे. रक्ताचा थेंब पडला की विक्री झाली. इतका स्वच्छ व्यवहार हल्ली कुठे बघायला मिळतो?

आगाऊ रक्कम बँकेतूनच द्या. रोख देऊ नका, ती कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांच्या फाला फाला फार्मवर सोफ्यात ठेवलेले ५,८०,००० डॉलर २०२० मध्ये चोरीला गेले, आणि ते बफेलो विकल्याचे होते असे त्यांनी सांगितले.

आता रायफल. स्वतःची नेणार असाल तर खरी शिकार जोहान्सबर्गच्या विमानतळावरच सुरू होते. पोलिसांचा एसएपीएस ५२० नावाचा अर्ज काळ्या शाईनेच भरायचा, घरून सही करून न्यायचा नाही, सही पोलिसासमोर करायची. एका रायफलीमागे २०० काडतुसे. बफेलोपुढे पाय न डळमळणारी माणसे या खिडकीपुढे निळे पेन घेऊन उभी राहतात आणि पुढचे विमान चुकवतात. त्यापेक्षा आउटफिटरची रायफल भाड्याने घ्या. शूरपणा स्वतःचा असला म्हणजे झाले, हत्यार कोणाचे का असेना.

ती .३७५ एच अँड एच मॅग्नम असेल. १९१२ सालचे काडतूस आहे आणि मोठ्या जनावरांना बहुतेक ठिकाणी हीच किमान पायरी धरतात. नामिबियात बफेलोसाठी ५,४०० जूल ऊर्जा लागते, ३०० ग्रेनची गोळी ती सहज देते. धक्का उलट्या दिशेनेही येतो. दुर्बिणीला डोळा चिकटवून चाप ओढलात तर तिची कड भुवईवर चंद्रकोर कोरून जाते. घरी आल्यावर ही खूण बिबट्याची म्हणून खपते, तेव्हा टाके घालताना फार कुरकुर करू नका. सरावाचे म्हणाल तर टेबलावर वाळूची पिशवी ठेवून शंभर गोळ्या झाडण्यात अर्थ नाही. तिथे टेबल नसते. तिथे तिकाटणे असते, म्हणजे रायफल टेकवायच्या तीन काठ्या, तुम्ही उभे असता आणि छाती धडधडत असते. म्हणून तिकाटण्यावरून, उभ्याने, तेही जिना चढून आल्या आल्या सराव करा. हे कोणी करत नाही, आणि म्हणूनच दरपत्रकातली ती तळची ओळ आउटफिटरला इतकी प्रिय असते.

नेम कुठे धरायचा याचा विचार तुम्ही करायचा नाही. त्यासाठी पीएच असतो, म्हणजे परवानाधारक व्यावसायिक शिकारी. परदेशी पाहुण्याने त्याच्याशिवाय शिकार करायची नाही असा दक्षिण आफ्रिकेत कायदाच आहे, आणि तुमच्या शौर्याचा पाया तोच आहे. माग काढणारा पाऊल शोधतो, वारा बघायला राखेची पुरचुंडी झटकतो. पीएच नराचे वय ठरवतो. बफेलोच्या कपाळावरचे शिंगांचे टोपण पूर्ण कडक झाले असेल तर नर पिकला, मध्ये केसाळ मऊ पट्टा असेल तर अजून पोर आहे, सोडून द्यायचा. मग तो तिकाटणे रोवतो, तुमची रायफल त्यावर ठेवतो आणि कानात सांगतो: डावीकडून दुसरा, पुढच्या पायाच्या रेषेत वर या, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर. इथल्या जनावरांचे हृदय आणि फुफ्फुसे पाहुण्याला वाटतात त्यापेक्षा पुढे आणि खाली असतात. युरोप-अमेरिकेत हरणे मारून आलेला माणूस सवयीने खांद्याच्या मागे मारतो आणि गोळी पोटात घालतो.

तुम्हीही घालाल. अशा वेळी घाबरू नका, खाली बसून सिगारेट ओढा. अर्धा तास थांबण्याची रीतच आहे. नंतर माग काढणारा गवतावरचे रक्त बघतो. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस, जनावर जवळच पडलेले असणार. गडद, जवळजवळ काळे असेल तर यकृत. हिरवट आणि त्यात चघळलेले गवत असेल तर पोट, म्हणजे संध्याकाळपर्यंतची पायपीट. जखमी बफेलो पळून जाऊन आपल्याच मागावर वळसा घेतो आणि दाट झुडपात वारा बघून थांबतो. त्या झुडपात पहिला कोण शिरतो? माग काढणारा, बहुधा हातात काठी घेऊन. त्याच्यामागे .४५८ किंवा .४७० ची रायफल घेतलेला पीएच. तुमची जागा तिसरी, आणि नळी आकाशाकडे ठेवलीत तर सगळेच आभारी राहतील. शेवटची गोळी कोणाची लागली हा प्रश्न उकरू नका. पीएच कधीच सांगणार नाही. न सांगण्याचे पैसे रोजच्या दरात धरलेले असतात.

ही झाली कष्टाची शिकार. सुट्टी कमी असेल तर सरळ सिंह घ्या.

रानातल्या सिंहाला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, झाडाला मांस टांगून लपणात बसावे लागते आणि तरी तो येईलच असे नाही. दक्षिण आफ्रिकेने यावर तोडगा काढला आहे. तिथे पिंजऱ्यांतच हजारो सिंह वाढवलेले आहेत, रानातल्यांपेक्षा कितीतरी जास्त. आयाळीचा रंग बघून फोटोवरून निवडा. बरेच विक्रेते यशाची हमी देतात. नॉर्थ वेस्ट प्रांतात शिकारीआधी ९६ तास सिंहाला मोठ्या कुंपणात मोकळे सोडण्याचा दंडक होता. चार दिवसांत तो रानटी होतो असे मानायचे. एक अडचण येऊ शकते: गाडी आली की कोंबड्या येतात हे तो लहानपणापासून शिकलेला असतो, त्यामुळे तुमची जीप दिसताच पळण्याऐवजी तो जवळ येतो. आक्रमण केले असे फोटोखाली लिहायला ते फार सोयीचे पडते.

या सिंहाचा हिशेबही बघण्यासारखा आहे. जन्मल्यावर काही दिवसांतच पिल्लू आईपासून काढतात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते. ‘अनाथ’ पिल्लाला बाटलीने दूध पाजायला परदेशातली तरुण मुले स्वतःच्या खिशातून पैसे भरून येतात. थोडे वाढले की पर्यटक त्याच्याबरोबर फेरफटका मारतात, त्याचे तिकीट. मग तुम्ही. आणि तुमच्यानंतर हाडे, ती आग्नेय आशियात जात असत. २०१७ मध्ये सरकारने ८०० सांगाड्यांचा कोटा लावला होता. २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयाने तो बेकायदा ठरवला, कारण कोटा ठरवताना सिंहांच्या हालअपेष्टांचा विचारच केला नव्हता. २०२१ च्या मे महिन्यात तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी हा धंदा बंद करण्याचे जाहीर केले, आणि पुढे मालकांनी स्वेच्छेने बाहेर पडावे असे ठरले. स्वेच्छेने. तेव्हा घाई करायचे कारण नाही.

नाव असलेला सिंह मात्र मारू नका, हे एक पथ्य पाळाच. २०१५ च्या जुलैत झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल मारला गेला. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचा जीपीएस पट्टा होता, आधी बाण लागला आणि जीव जायला काही तास गेले. मारणाऱ्या अमेरिकी दंतवैद्याच्या दवाखान्यापुढे लोकांनी कापसाच्या सिंहांचा ढीग रचला. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी असा माल न्यायला नकार दिला. पिंजऱ्यातल्याला नाव नसते, फार तर कानात टॅग असतो, तो काढून घ्यायला सांगा.

कोणी नाक मुरडले तर उत्तर तयार ठेवा: संवर्धन. हा शब्द नामिबियातून उसना घ्यावा लागतो, कारण तिथे तो खरा आहे. १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाला, १९९८ मध्ये पहिली चार सामुदायिक क्षेत्रे जाहीर झाली आणि आता ती ८६ आहेत. शिकारीचे पैसे आणि मांस तिथे गावात जाते. शेत तुडवणारा हत्ती गावाला जिवंत हवासा वाटायला त्याचाही हातभार लागतो. काळ्या गेंड्याच्या एका परवान्यासाठी डॅलसच्या लिलावात २०१४ मध्ये ३,५०,००० डॉलर मोजले गेले. नर म्हातारा होता, पैदाशीच्या कामाचा उरला नव्हता आणि तरुण गेंड्यांना धोका ठरत होता. या युक्तिवादाशी प्रामाणिकपणे भांडायला बसलेला माणूस घाम पुसत उठतो. तुमची युक्ती एवढीच: युक्तिवाद नामिबियाच्या कोरड्या नदीपात्रातला घ्यायचा आणि फोटो नॉर्थ वेस्टच्या कुंपणातला लावायचा. दोन्हींत हजारभर किलोमीटरचे अंतर आहे, पण ते फोटोत दिसत नाही.

समोरचा अगदीच चिवट निघाला तर कोल्हापूर काढा. काळविटांच्या शिकारीसाठी कोल्हापूर संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते मागवले होते. बैलगाडीतून जवळ न्यायचे, डोळ्यांवरची टोपी काढायची आणि सोडून द्यायचे. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले ते वेगळ्या कामासाठी, पण वाद घालताना एवढ्या तपशिलात कोणी शिरत नाही.

पैसे उरले तर रंगीत माल बघा. काळा इम्पाला, तांबूस स्प्रिंगबॉक, सोनेरी विल्डबीस्ट. रानात क्वचित उमटणारा रंग कुंपणात जोड्या लावून पिकवतात. या पैदाशीच्या तेजीत होरायझन नावाच्या एका बफेलो नराची किंमत २०१६ मध्ये १७ कोटी ६० लाख रँड धरली गेली. नंतर बाजार बसला, म्हणून सोनेरी विल्डबीस्ट आता तुमच्याही आवाक्यात आहे.

फोटोला तास द्या. जीभ आत ढकलायची, नाहीतर ती बाहेर लोंबून मजा घालवते. रक्त पाण्याने धुवायचे, जखमेच्या बाजूने फोटो नाही. पाय अंगाखाली दुमडायचे, मान दगडावर टेकवून उचलायची, पुढचे गवत तुडवायचे. छायाचित्रकाराने जमिनीवर पालथे पडायचे आणि तुम्ही जनावराच्या मागे, जरा लांबच बसायचे, म्हणजे इम्पालाही बैलाएवढा दिसतो. टेप लावताना हीच युक्ती चालत नाही. शिकारीचे विक्रम नोंदवणाऱ्या रोलंड वॉर्डच्या नोंदवहीत कुडू शिरायला शिंग ५३ पूर्णांक ७/८ इंच लागते, वळणाच्या कडेने मोजलेले. पीएचने रानात ‘पंचावन्न’ म्हटलेले शिंग कॅम्पवर बावन्न भरते. उन्हाने आकसते म्हणतात.

कातडी काढणाऱ्याला घाई करायला सांगा. उन्हात दोन-चार तास उशीर झाला की केस मुळापासून सुटतात, आणि वर्षभराने घरी येतो तो टकला कुडू. मानेसकट मुंडके भिंतीवर हवे असेल तर काप खांद्याच्या बराच मागे घ्यायला सांगा, आखूड पडले तर जोडता येत नाही. पेंढा भरून आलेल्या कुडूला भिंतीवर माणसाएवढी उंची लागते, तेव्हा आधी छत मोजा. ह्यूस्टनला राहत असाल तर निभावेल. पुण्यात राहत असाल तर छत मोजण्याचेही कष्ट घेऊ नका, वन्यप्राण्यांचे अवयव भारतात आयात करायला बंदी आहे. फोटोवरच भागवा, तो मोठा करून घेता येतो.

निघायच्या दिवशी बक्षिशीची पाकिटे. पीएचला मुक्कामाच्या खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आसपास देतात. स्वयंपाकी, कातडी काढणारा, गाडी धुणारा यांना दिवसाला काही डॉलर. माग काढणाऱ्यालाही तेवढेच, म्हणजे ज्याने पाऊल शोधले, रक्त ओळखले आणि झुडपात तुमच्या आधी पाऊल टाकले त्याला. पाकिटावर त्याचे नाव लिहायचे असते आणि ते तुम्हाला ठाऊक नसेल. ‘ट्रॅकर’ लिहा, मॅनेजर पोहोचवतो.