मोठ्या शेजाऱ्याची फौज घरी कशी ठेवावी

तुम्ही एका छोट्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झालात, अभिनंदन. लोकांनी निवडून दिले की नाही, हा तपशील झाला. शेजारी आडदांड आहे आणि 'जरा एकत्र लष्करी सराव करू या' असा त्याचा निरोप आला आहे. घाबरू नका. या विषयातले गुरुवर्य म्हणजे बेलारूसचे अलेक्सांद्र लुकाशेंको. पूर्वी सरकारी शेतीचे संचालक होते, १९९४ पासून राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर आहेत आणि शेजारी रशिया. त्यांची वही उघडून बसा.

आधी एक पथ्य : भाड्याचा विषय काढायचा नाही. १९९५ च्या करारांनी बेलारूसने रशियाला २५ वर्षांसाठी दोन जागा वापरायला दिल्या. हांत्सावीचीला क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारे रडार आणि विलेयकाला पाणबुड्यांशी बोलणारे रेडिओ केंद्र. ज्या देशाला हातभर समुद्रकिनारा नाही, तिथून रशियाच्या पाणबुड्यांना निरोप जातात. भाडे शून्य. मुदत संपत आली तेव्हा पुन्हा २५ वर्षे. पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर खोली देणारे काकासुद्धा दरवर्षी भाडे वाढवतात म्हणाल, पण ते काका राष्ट्राध्यक्ष झालेत का कधी? आणि आपल्या दुसऱ्या बाजीरावांनी तर १८०२ च्या वसईच्या तहात सहा हजारांची तैनाती फौज घेतली आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख वर तोडून दिला. त्या मानाने फुकटात सुटलात.

दुसरे, सरावाची तारीख जरूर जाहीर करा. फक्त कॅलेंडर भिंतीवरून काढून ठेवा. १० ते २० फेब्रुवारी २०२२ असा संयुक्त सराव ठरला होता. नाटोच्या अंदाजाने तीसेक हजार रशियन सैनिक आले. सराव संपल्यावर एकही रशियन सैनिक मागे राहणार नाही, असे बेलारूसच्या परराष्ट्रमंत्र्यांनी छातीठोकपणे सांगितले. वीस तारखेला संरक्षणमंत्री म्हणाले, सीमेवर तणाव आहे, सराव पुढे चालू. चोवीसला पहाटे पाहुणे निघाले. फक्त घराकडे न जाता युक्रेनच्या राजधानीकडे, कीवकडे. म्हणजे परराष्ट्रमंत्र्यांचा शब्द अगदीच वाया गेला, असे कसे म्हणायचे?

पाहुणे परततानाही त्यांची सोय बघावी लागते. कीव हाती न लागता माघार घेतलेले सैनिक बेलारूसमधल्या मोझिर शहराच्या कुरिअर कचेरीत पार्सले करायला आले. तिथल्या कॅमेऱ्याचे तासन्‌तासांचे चित्रण एका स्वतंत्र गटाने बाहेर काढले. वर्दीतली पोरे काउंटरपाशी गठ्ठे बांधताहेत, वजन करताहेत, गावाकडचा पत्ता लिहिताहेत. एखाद्याला वाटावे, लग्नाचा आहेर चाललाय. तुमच्याकडे असा प्रसंग आला तर चिकटपट्टी आणि खोकी पुरेशी ठेवा. यजमानाची अब्रू असल्याच बारीकसारीक गोष्टींत जाते.

राज्यघटना मात्र पेन्सिलीने लिहून घ्या. बेलारूसने १९९६ पर्यंत सोव्हिएत अण्वस्त्रे परत पाठवून दिली होती आणि घटनेत अण्वस्त्रमुक्त प्रदेश होण्याचे ध्येय लिहिले होते. २७ फेब्रुवारी २०२२ ला, शेजारी युद्ध चालू असतानाच, सार्वमत घेऊन ते वाक्य खोडले. पुढच्या वर्षी रशियन अण्वस्त्रे आली. ताबा अर्थातच रशियाकडे. तिजोरी तुमच्या माजघरात, किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला. चोर आला तर आधी तुमच्याच घरात शिरेल, हे सांगून मुलाबाळांची झोप उडवू नका.

आता एक सल्ला गंभीरपणे. जमीन द्या, आकाश द्या, रुग्णालयातल्या खाटा द्या, स्वतःची फौज मात्र लढाईला पाठवू नका. लुकाशेंकोंनी अजून पाठवलेली नाही. दुसऱ्याच्या युद्धात मेलेल्या पोराची आई दारात येऊन उभी राहिली, की तिला काय सांगायचे हे कुठल्याच करारात लिहिलेले नसते, एवढे त्या जुन्या शेतीवाल्याला कळते.

शेवटी माणसे ओळखायला शिका. जुलै २०२० मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, मिन्स्कजवळच्या एका आरोग्यधामातून वॅग्नर या रशियन भाडोत्री टोळीचे लोक उचलले गेले. सगळे मिळून ३३ जण, आरोप देशात गडबड माजवण्याचा. संशय का आला, तर रशियन पर्यटक असूनही दारूला शिवत नव्हते! ऑगस्टमध्ये निवडणुकीचा निकाल लागला, लाखभर माणसे रस्त्यावर आली, खुर्ची डुगडुगली आणि गरज पडली तर राखीव पोलीस दल पाठवू, असे पुतिन यांनी कळवले. तोवर त्या तेहतीसांपैकी बत्तीसांना रशियात घरी पोचतेही केले होते. २०२३ च्या जुलैत तेच वॅग्नरवाले असिपोविचीजवळ बेलारूसच्या जवानांना प्रशिक्षण देऊ लागले, या वेळी सन्मानाने बोलावलेले. तुमच्याकडे आले, तर ते पितात की नाही याची चौकशी करत बसू नका. फार तर चहा विचारा.